अंगात येणं, अंगाशी येणं आणि 'पास्ड आउट'

लातूर जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची ओळख पटेल असं काही न देता अडचण थोडक्यात सांगते.

वय 34. शाळा मराठी माध्यमाची, एबीसीडी पाचवीत गिरवली. 2014 साली जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तेव्हापासून लातुरातल्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. ब्रिटनला नर्स म्हणून जायचं मनात आहे. त्यासाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा त्यांनी दोनदा दिली. वाचणं, लिहिणं, बोलणं निभावलं, पण दोन्ही वेळा ऐकण्याच्या पेपरात गाडी अडली. त्या लिहितात: "क्रियापद तेच राहतं, मागं एवढासा शब्द लागतो आणि सगळंच बदलतं. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणं. क्लासमधून चारशेची यादी दिली, ती मी नाइट ड्युटीत पाठ केली. पेपरात मात्र सगळ्या एकमेकीत मिसळतात." सरावाच्या मुलाखतीत त्या 'आय पास्ड आउट इन 2014' म्हणाल्या, तेव्हा पलीकडच्या बाईंनी काळजीने विचारलं, फार लागलं नाही ना? ताईंना काहीच उमगलं नाही. नंतर अर्थ कळला आणि रात्रभर झोप लागली नाही. घरी सासूबाई म्हणतात, दोन येळा झालं, आता पुरे की. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. मुलगी सहा वर्षांची आहे. त्यांचा प्रश्न असा: "माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या बाईच्या डोक्यात हे शिरणारच नाही का? परीक्षा सोडून देऊ, की तिसऱ्यांदा फॉर्म भरू?"

ताई,

ज्या वाक्याने तुमची झोप गेली, त्याच्यापासूनच सुरुवात करू. 'पास्ड आउट' म्हणजे इंग्रजांच्या कानाला 'बेशुद्ध पडले'. म्हणून त्या बाईंनी लागलं का विचारलं, आणि त्यात चेष्टा नव्हती. पण हा शब्द तुम्ही कुठून उचललात ते बघा. खडकवासल्याच्या एनडीएत होते ती 'पासिंग आउट परेड'. सैन्यातलं शिक्षण संपवून बाहेर पडणं हा त्या शब्दाचा अर्थ ब्रिटनमध्येही आहे, पण तिथे तो परेडच्या मैदानापुरताच उरला. आपल्याकडे मात्र तो कॉलेजात शिरला आणि सगळ्यांचा झाला. मुंबई-पुण्यात पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेले इंजिनियरही 'आय पास्ड आउट इन 2014' असंच म्हणतात. तेव्हा तुमच्या पत्रातलं 'मराठी माध्यमाची बाई' हे कारण या चुकीला लागूच पडत नाही. सगळ्या देशाची ही सवय आहे, ती तुम्ही एकटीने का अंगावर घ्यायची?

बघा, मीही 'अंगावर घ्यायची' असं लिहून गेले, आणि तुम्हाला ते अडलं नाही. मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

'अंग' आणि 'येणं' हे दोन शब्द घ्या. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर एखाद्या बाईच्या अंगात येतं. सावकाराचं कर्ज अंगाशी येतं. मोकाट बैल अंगावर येतो. अंग तेच, येणं तेच, मधे एक प्रत्यय बदलला की एकीकडे देवी, दुसरीकडे दिवाळं, तिसरीकडे शिंगं. आता तुमच्या वॉर्डात या. बाळ अंगावर पितं. म्हातारा दुखणं अंगावर काढतो. बाई मान खाली घालून हळूच सांगते, अंगावरून जातंय. यातलं काही तुम्ही यादी करून पाठ केलंत का? पेशंट बोलायला लागला की त्याचं तोंड, हात कुठे ठेवलाय, काय दाखवतोय हे सगळं एकदम दिसतं आणि अर्थ लागतो.

समजा, तुमच्यासोबत केरळची एक सिस्टर ड्युटीला आहे. मराठी ती पुस्तकातून शिकली. पहिल्याच आठवड्यात ओपीडीत एक पोर म्हणते, दिवस गेलेत. दुसरी म्हणते, दिवस भरलेत. तिसरी सुट्टी मागते, कारण सासऱ्यांचे दिवस घालायचेत. त्या सिस्टरला 'दिवस' माहीत आहे, 'जाणं' माहीत आहे, 'भरणं' माहीत आहे आणि तरी ती तिघींकडे बघतच राहील. डोळे आले, तोंड आलं, घसा बसला, अंग मोडून आलं, छातीत भरून आलं, यातलं काहीही तिला शब्दाशब्दाने लागायचं नाही. तिच्याबद्दल तुम्ही असं म्हणाल का, की हिच्या डोक्यात मराठी शिरणारच नाही? तुम्ही म्हणाल, राहील चार महिने, ऐकेल, येईल. हेच स्वतःला का सांगत नाही?

इंग्रजीतला हा भाग परक्या माणसाला जड जातो, हे इंग्रजांना ठाऊक आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ फिरवायची ही रीत परदेशी माणसाला सगळ्यात अवघड जाते. पुढे 1930 साली सी. के. ऑग्डेन यांनी जगासाठी सोपी इंग्रजी तयार केली. सगळे मिळून 850 शब्द, त्यात क्रियापदं फक्त 18. पण शब्द कमी केले म्हणून सांगायच्या गोष्टी थोड्याच कमी होतात? सगळा भार त्या अठरांच्या मागे लागणाऱ्या 'अप', 'ऑफ', 'आउट' यांच्यावर आला. म्हणजे सोपी केलेली इंग्रजीसुद्धा इथेच येऊन अडते. हे लिहायचं कारण इतकंच की तुमची अडचण खरी आहे, जुनी आहे आणि तिचा तुमच्या शाळेशी फारसा संबंध नाही.

आता तुमच्याच क्षेत्रातलं एक वाक्य जवळून बघू. ओईटीच्या ऐकण्याच्या पेपरात पहिल्या भागात पेशंट बोलतो आणि आपण नोंदी पूर्ण करतो. तिथे एखादी आजी असं सांगू शकते: 'आय पास्ड आउट. व्हेन आय केम राउंड, आय थ्रू अप.' शुद्ध हरपली, शुद्धीवर आले तेव्हा उलटी झाली. 'अनकॉन्शस', 'रिगेन्ड कॉन्शसनेस', 'व्हॉमिटिंग' हे तीन शब्द जीएनएमच्या पहिल्या वर्षापासून तुमच्या तोंडात आहेत. ते तीनही आजीने उच्चारले नाहीत. पास, कम, थ्रो ही पाचवीतली क्रियापदं वापरली आणि तिथेच तुम्हाला गाठलं.

असं का होतं, याला इतिहास आहे. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, कचेरी, विद्या यांची भाषा बदलली आणि फ्रेंच-लॅटिन घराण्यातले भारदस्त शब्द इंग्रजीत आले. चुलीपुढची आणि शेतातली भाषा जुनीच राहिली, आखूड शब्दांची. आपण परक्यांनी इंग्रजी पुस्तकातून शिकली, म्हणून आपल्याकडे आली ती वरच्या मजल्यावरची. 'पोस्टपोन' येतं, 'पुट ऑफ' अडतं. 'टॉलरेट' येतं, 'पुट अप विथ' अडतं. आपल्याकडेही 'वमन', 'उलटी' आणि 'ओकारी' असे तीन मजले आहेतच. आयुर्वेदाच्या पुस्तकात वमन लिहिलेलं असतं, पण उदगीरहून आलेली मावशी काय म्हणते? 'पोटात ढवळायलंय, दोन येळा भडभडून आलं.' परगावचा नवा डॉक्टर गोंधळला की तुम्हीच त्याला सांगता ना? म्हणजे पेशंटची भाषा कागदावरच्या भाषेत उतरवायचं काम तुम्ही दहा वर्षं करत आला आहात. ओईटीचा तो पेपर हेच काम मागतो, फक्त मावशी इंग्रजीत बोलते.

यादीबद्दल मला जरा कडक बोलू द्या. लातूर पॅटर्न ज्या गावात रुजला तिथल्या तुम्ही. पुन्हा पुन्हा सोडवायचं, चूक घटवत न्यायची, ही सवय सोन्यासारखी आहे आणि ती सोडू नका. पण चारशेची यादी हा सराव नव्हे. केज तालुक्यातला माझा एक विद्यार्थी नोकरीच्या प्रशिक्षणाला हैदराबादला गेला होता. पावसाने गाड्या रद्द झाल्या. बरोबरच्या एका गृहस्थांनी त्याला म्हटलं, 'वी कॅन पुट यू अप फॉर द नाइट.' पोराने यादी चोख पाठ केलेली. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. त्याने ऐकलं, एक रात्र तुला सहन करू. तो थँक यू म्हणाला आणि रात्रभर स्टेशनच्या बाकावर बसला. त्यांनी म्हटलं होतं, रात्रीपुरतं आमच्या घरी उतर. सकाळी त्याने मला फोन केला तेव्हा त्याच्या आवाजात अपमान होता, आणि ज्याने अपमान केला असं त्याला वाटत होतं, त्या माणसाने घराचं दार उघडलं होतं. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याची स्मरणशक्ती चांगलीच होती, पण यादीत 'पुट अप विथ' एकटंच उभं होतं. त्याच्याआधी पाऊस नव्हता, रद्द झालेली गाडी नव्हती, समोर माणूस नव्हता. आणि हाच पोरगा परत येऊन बीडच्या कचेरीत लागला, तिथे साहेब रोज म्हणतात, फाईल पुटअप करा, म्हणजे माझ्यापुढे ठेवा. तोच शब्द, तिसरा अर्थ. तिथे तो कधीच चुकला नाही, कारण समोर फाईल असते आणि साहेबाचं टेबल असतं.

मग यादी नाही तर काय?

आधी त्या छोट्या शब्दाकडे नीट बघायला शिका. तो उगाच लागलेला नसतो. त्याला दिशा असते. 'ऑफ' घ्या. आपण मराठीत 'ऑफ' म्हणजे बंद असं धरून चालतो: मोबाइल ऑफ, पंखा ऑफ. आता पेपरात नर्स म्हणते, 'द अलार्म वेंट ऑफ.' तुम्ही लिहिणार, अलार्म बंद पडला. पण त्याचा अर्थ अलार्म वाजला! मॉनिटरच्या बाबतीत हा फरक किती मोठा आहे ते तुम्हाला सांगायला नको.

मी वर्गात 'ऑफ' शिकवताना 'बंद' हा शब्द पुसायला लावते आणि तिथे 'सुटणं' लिहायला लावते. मग बघा कसं जुळत जातं. बंदुकीतून गोळी सुटते: 'गो ऑफ'. अलार्म तसाच सुटतो. गाडी सुटते, माणूस प्रवासाला निघतो: 'सेट ऑफ'. कामगारांची नोकरी सुटते: 'ले ऑफ'. पट्टी सुटून येते: 'कम ऑफ'. भुलीचा अंमल सुटतो: 'वेअर ऑफ'. दुधाला वास सुटतो: 'गो ऑफ', नासलं. आणि 'डे ऑफ' म्हणजे? सुट्टी. हा शब्द सुटण्यातूनच आलाय. पेशंटला ऑक्सिजनवरून काढणं म्हणजे 'टेक हिम ऑफ ऑक्सिजन', नळीपासून सुटका. लावणं म्हणजे 'पुट हिम ऑन'. एक शब्द मनात पक्का बसला की दहा वाक्यं आपोआप उभी राहतात.

'अप'लाही असाच एक सोबती आहे, आपलं 'टाकणं'. खाऊन टाक, 'ईट अप'. पिऊन टाक, 'ड्रिंक अप'. फाडून टाक, 'टेअर अप'. काम पुरतं उरकायचं असलं की इंग्रज 'अप' लावतो, आपण 'टाक' लावतो. 'ऑन' बऱ्याचदा आपल्या 'राहणं'सारखा वागतो: 'कॅरी ऑन', करत राहा. 'डाउन' मध्ये उतार असतो: सूज उतरली, 'द स्वेलिंग हॅज गॉन डाउन'. 'आउट' मध्ये संपून जाणं असतं. क्रिकेटमधलं रनआउट वेगळं, वॉर्डात 'वी हॅव रन आउट ऑफ ग्लव्ज' म्हणजे हातमोजे संपले. आहारात मीठ 'कट डाउन' करा म्हणजे कमी करा, 'कट आउट' करा म्हणजे अजिबात बंद. दोन्हींत तीन-तीन अक्षरांचं तेच 'कट', पण रक्तदाबाच्या पेशंटला घरी जाताना यातलं कोणतं सांगितलं यावर त्याचं जेवण ठरतं.

हे सगळीकडे जुळेल असं मी म्हणणार नाही. 'थ्रो अप' मध्ये 'टाकून टाकणं' काही नाही. तिथे अन्न खरोखरच वर येतं. 'पुट अप विथ' मध्ये तर कोणतंच चित्र सापडत नाही. असे हट्टी शब्द थोडे असतात, ते वाक्यासकट लक्षात ठेवायचे. शाळेत संस्कृतच्या तासाला आपण आहार, विहार, प्रहार, संहार शिकलो. 'हार' तोच राहतो, आधीचं अक्षर बदललं की जेवणाचा घात होतो. तिथेही काही अर्थ दिसतात, काही नुसते मानावे लागतात.

वही करायची तर आजाराप्रमाणे करा. क्रियापदाप्रमाणे 'लुक'चं पान, 'पुट'चं पान असं करू नका. 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'लुक इन्टू' एकाखाली एक लिहिल्यामुळेच ती एकमेकीत मिसळतात. जुळ्या बहिणींना एकाच रंगाचा फ्रॉक घालून मग ओळखा म्हणण्यासारखं आहे ते. त्याऐवजी एक पान अॅलर्जीच्या पेशंटचं. त्यावर त्याची कहाणी लिहा: 'आय केम आउट इन अ रॅश', अंगावर पुरळ उठलं. 'इट फ्लेअर्स अप इन समर', उन्हाळ्यात उसळतं. दुसरं पान लहान बाळाचं: 'शी ब्रिंग्ज अप हर मिल्क', दूध बाहेर काढते. तिसरं तापाचं: 'आयम कमिंग डाउन विथ समथिंग', कणकण आहे, काहीतरी लागलंय. दिवसाला एकच पान, चार-पाच वाक्यं, मोठ्याने वाचायची. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं संकेतस्थळ मोफत आहे. प्रत्येक आजार तिथे पेशंटच्या भाषेत लिहिलेला आहे. उलटीला ते 'बीइंग सिक' म्हणतात हे तिथेच दिसेल, नाहीतर आपण 'सिक' म्हणजे नुसतं आजारी धरून बसतो.

आणि आता कानाचं. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की यादीतलं वाचलं की कळतं, ऐकलं की कळत नाही. यात अर्धा दोष अर्थाचा नाहीच. 'टेक इट ऑफ' असे तीन शब्द कोणी उच्चारत नाही, 'टेकिटॉफ' असा एकच येतो. 'पुट इट ऑन' होतं 'पुटिटॉन'. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? 'काय करायला लागला आहेस' असं मराठवाड्यात कोण म्हणतं? 'काय करायलास' म्हणतो आणि समोरच्याला कळतं. तेव्हा वहीतलं वाक्य जोडूनच म्हणायची सवय लावा. तोंडाने जे जोडून येतं ते कानाला सापडतं. आणखी एक खूण: अर्थ फिरवणारा छोटा शब्द बोलताना बहुधा जोरात येतो, 'थ्रू अप' मध्ये ठोका 'अप'वर असतो. 'लुक अॅट' मध्ये 'अॅट' दबून जातो. त्या ठोक्याची वाट बघा.

कधी कधी तो शब्द लांब जाऊन बसतो. 'टेक युवर कार्डिगन अँड युवर शूज ऑफ, प्लीज.' 'टेक' ऐकून 'घ्या' लिहायला घेतलं की गेलं. शेवटी 'ऑफ' येतो, काढा. यात मराठी माणूस खरं तर एक पाऊल पुढे आहे. आपलं क्रियापद शेवटी, आपलं 'नाही' तर त्याच्याही शेवटी. 'मी सकाळची गोळी जेवणानंतर घेतली' इथपर्यंत ऐकून तुम्ही कधी चार्टवर टिक करता का? पेशंटचं वाक्य पुरं होऊ देता, कारण मागून 'नाही' येऊ शकतं. तेच थांबणं इथे वापरा.

बोलायच्या पेपरात मात्र ही क्रियापदं ओढूनताणून घालू नका. पेशंटची भूमिका करणारा माणूस 'थ्रोइंग अप' म्हणाला तर तुम्हाला कळलं पाहिजे, तुम्ही उत्तरात 'व्हॉमिटिंग' म्हटलं तर काही बिघडत नाही. लिहायच्या पेपरात तर डॉक्टरला किंवा दुसऱ्या नर्सला पत्र लिहायचं असतं. तिथे तुमचे भारदस्त शब्दच शोभतात. म्हणजे जे ओळखायचंय ते ढीगभर, वापरायचंय ते मूठभर. तुम्ही दोन्ही एकाच वजनाचं धरलंत आणि म्हणून चारशेचा डोंगर दिसायला लागला.

आता फॉर्मचं. या महिन्यात भरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक गोष्ट तपासा, कारण मला शंका आहे. ऐकण्याच्या पेपरात 42 प्रश्न असतात, त्यातले 24 पहिल्या भागातले, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. ऐकता ऐकता लिहायचं, पुढचं वाचायचं, हे सगळं एकदम. तुमचे गुण खरंच या छोट्या शब्दांनी गेले, की लिहिताना पुढचं वाक्य निसटलं म्हणून गेले? निकालात प्रत्येक भागाचे वेगळे गुण मिळत नाहीत, त्यामुळे हे तुम्हालाच शोधावं लागेल. परीक्षा घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावर मोफत नमुना चाचण्या आहेत. तीन सोडवा, खऱ्यासारख्या, फीत न थांबवता. मग चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: शब्द कळला नाही, शब्द कळला पण अर्थ चुकला, लिहिता लिहिता निसटलं, थकले होते. नाइट करून आल्यावर चाचणी सोडवू नका. अर्ध्याहून जास्त चुका 'निसटलं'च्या निघाल्या, तर वहीपेक्षा ऐकत लिहिण्याचा सराव वाढवा. बातम्या लावून नोंदी घेतल्या तरी चालेल.

तीन महिने असं करा आणि मग ठरवा. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी ही श्रेणी आणि लिहिण्यात सी प्लस लागते. दोन प्रयत्नांतले गुण एकत्र धरायचीही सोय तिथे आहे, पण तिला अटी आहेत. त्या क्लासमधल्या कोणाच्या तोंडून ऐकू नका, कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. तुमचे बाकीचे तीन पेपर निघालेत, तेव्हा हे वाचल्याशिवाय फी भरणं बरोबर नाही.

सासूबाईंबद्दल. 'पुरे की' या शब्दांचा अर्थ तुम्ही 'तुला जमणार नाही' असा लावलाय. पत्रात त्यांचं दुसरं काहीच वाक्य नाही. त्यांच्या 'पुरे'मागे फीचे पैसे आहेत, की नात लांब जाईल ही भीती आहे, की तुम्ही रात्र रात्र जागता ते बघवत नाही? एकदा जवळ बसून विचारा. नवऱ्यालाही विचारा, 'तुझं तू ठरव' म्हणजे मोकळीक आहे की हात झटकणं? या दोन वाक्यांचा अर्थ लागल्याशिवाय जायचं की नाही हे ठरणार नाही, मग परीक्षेत ए आला तरी. आणि मुलगी सहा वर्षांची आहे. ती सोबत येणार, की आधी वर्षभर आजीपाशी राहणार, याचा हिशेब परीक्षेच्या आधी मांडा, नंतर नको. परीक्षा सोडायची ठरली तर तीही सोडा, पण डोक्यात शिरत नाही म्हणून सोडू नका. लातुरातच राहायचंय म्हणून सोडलीत तर मला काही म्हणायचं नाही.

हे सगळं मी नर्स ताईंना लिहिलं, पण पत्रं मला बँकेतल्यांची, कॉल सेंटरमधल्यांची, तलाठ्यांच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांचीही येतात आणि तक्रार हीच असते. त्यांनी पेशंटच्या जागी आपलं गिऱ्हाईक, आपला साहेब, आपली फाईल ठेवावी. पानं तशीच करावीत. चेकअप, फॉलोअप, हँडओव्हर, बॅकअप, ब्रेकडाउन हे शब्द आपण मराठीत रोज वापरतोच. पहिलं पान या शब्दांचं करा, कारण त्यांचे अर्थ तुम्ही यादीशिवाय शिकलात.

तुमच्या मुलाखतीचं एक राहिलं, ताई. पुढच्या वेळी 'आय क्वालिफाइड इन 2014' म्हणा. तिथल्या नर्स स्वतःबद्दल असंच सांगतात.